नियम लिहा, नक्षी उमटेल

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा तळाचा आराखडा ताऱ्याच्या आकाराचा आहे. दख्खनमधल्या अशा तारकाकृती मंदिरांच्या आखणीची एक रीत अभ्यासकांनी दाखवून दिली आहे: चौरस त्याच्याच मध्याभोवती ठरावीक अंशांनी फिरवत जायचे. २२.५ अंशांच्या फरकाने चार चौरस एकावर एक आखले की सोळा टोकांचा तारा तयार होतो. नियम आधी ठरतो आणि आकृती त्यातून निघते. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाच्या, म्हणजेच पीसीबीच्या आखणीतही ही रीत फार उपयोगी पडते.

पीसीबीवरच्या तांब्याच्या रेषा संगणकावर आखल्या जातात. त्यासाठी ‘किकॅड’ हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केले. २०१३ पासून ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासात हातभार लावला. माऊसने एकेक भाग ठेवता येतोच, पण पायथॉन भाषेत चार-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहून तेच काम सॉफ्टवेअरकडूनही करून घेता येते.

समजा, २० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर १२ एलईडी बसवायचे आहेत. दोन एलईडींमधला कोन ३० अंशांचा. आडवे अंतर त्रिज्या गुणिले कोसाइन, उभे अंतर त्रिज्या गुणिले साइन. ३० अंशांवरचा एलईडी मध्यापासून आडवा १७.३२ आणि उभा १० मिलिमीटरवर येतो. उद्या १२ ऐवजी १६ एलईडी हवे झाले, तर स्क्रिप्टमधला एकच आकडा बदलायचा. कोन २२.५ अंश होतो आणि सगळे एलईडी आपापल्या नव्या जागी जातात.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. किकॅडच्या पायथॉन स्क्रिप्टमध्ये अंतर नॅनोमीटरमध्ये मोजले जाते, म्हणजे एक मिलिमीटरचे दहा लाख भाग. रूपांतर न करता नुसते २० लिहिले, तर सगळे एलईडी एकाच ठिपक्यावर गोळा होतात. शिवाय पुस्तकातल्या आलेखात उभे अंतर वरच्या दिशेने वाढते, इथे खालच्या. त्यामुळे तेच सूत्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते.

या रीतीचा खरा कस लागतो तो आकारावरच उपकरणाचे काम अवलंबून असते तेव्हा. बुलडाण्याच्या काळ्या मातीत सोयाबीन आणि कपाशी पिकते. तिथला ओलावा मोजणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरमध्ये तांब्याच्या दोन पट्ट्या फण्यांच्या दातांसारख्या एकमेकींत गुंतवलेल्या असतात. पाण्याचा विद्युत अपार्यता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) सुमारे ८०, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५. त्यामुळे माती भिजली की पट्ट्यांमधली धारिता (कपॅसिटन्स) वाढते आणि ती मोजून ओल कळते.

अर्धा मिलिमीटर रुंदीचे २० दात अर्ध्या मिलिमीटरच्या फटीने मांडले, तर १९.५ मिलिमीटर जागा लागते. सम क्रमांकाचा दात एका पट्टीला आणि विषम क्रमांकाचा दुसरीला जोडायचा, एवढाच नियम. फट वाढवली की विद्युतक्षेत्र मातीत अधिक खोल जाते, पण धारिता कमी होते. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत रचना पुन्हा पुन्हा बदलावी लागते. हाताने प्रत्येक वेळी वीस दात सरकवण्यात संध्याकाळ जाईल. स्क्रिप्ट ते क्षणात करते. अर्थात नियमात चूक असेल, तर ती विसाही दातांत उमटते. म्हणून बोर्ड बनवायला पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमधली डीआरसी (डिझाइन रूल चेक) तपासणी करायलाच हवी.

हे शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने किकॅड आणि सर्किटची संगणकावर चाचणी घेणारे एनजीस्पाइस यांची सांगड घालून ‘ईसिम’ हे मोफत साधन तयार केले आहे. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात १९८३ पासून अभियंते घडत आहेत. अशा महाविद्यालयांतल्या मुलांनी आपल्याच शिवारासाठी सेन्सर आखावेत आणि त्यांच्या स्क्रिप्ट सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. शाळांनाही यात वाटा उचलता येईल. साइन-कोसाइन दहावीच्या भूमितीत येतातच. त्याच तासाला एलईडींचे वर्तुळ पडद्यावर आखून दाखवले, तर ‘हे कशासाठी शिकायचे?’ या मुलांच्या प्रश्नाला गुरुजींना वेगळे उत्तर द्यावे लागणार नाही.