विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वीची वाफेची इंजिने जत्रेत आजही चालतात कशी? आता त्यांच्यापुढे संकट कोणते?

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात ऑगस्टअखेरीस भरणारी ‘ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर’ ही वाफेच्या इंजिनांची जगातील सर्वात मोठ्या जत्रांपैकी एक. सुमारे ६०० एकरांचे माळरान, शेकडो इंजिने आणि दोन लाखांच्या आसपास प्रेक्षक, असा तिचा पसारा. मात्र वाढत्या खर्चामुळे आयोजकांनी २०२३ ची जत्रा रद्द केली आणि २०२४ मध्येही ती भरली नाही. इंग्लंडमध्ये लहानमोठ्या अनेक स्टीम जत्रा अजूनही होतात. पण सर्वात मोठीच थांबल्याने ही इंजिने आणखी किती वर्षे चालती राहतील, हा प्रश्न पुढे आला आहे.

स्टीम फेअर म्हणजे नेमके काय?

वाफेचे इंजिन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वे येते. या जत्रांत मात्र मान असतो तो रस्त्यावर आणि शेतात चालणाऱ्या इंजिनांना, म्हणजेच ट्रॅक्शन इंजिनांना. ट्रॅक्टर येण्यापूर्वी मळणी, नांगरणी, लाकूड कापणे, अवजड ओझी ओढणे अशी सगळी कामे हीच यंत्रे करत. फाउलर, बरेल, ॲव्हलिंग अँड पोर्टर, मॅकलॅरेन या त्यांच्या नावाजलेल्या कंपन्या.

यातही प्रकार आहेत. नांगरणीची इंजिने जोडीने काम करत. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिने उभी करायची आणि त्यांच्या पोटाखालच्या रिळावर पोलादी दोर गुंडाळत मधला नांगर इकडून तिकडे ओढायचा. इतके जड इंजिन शेतात फिरवले तर माती दाबली जाते, म्हणून ही युक्ती. वाफेवरच्या नांगरणीसाठी जॉन फाउलर यांना १८५८ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे बक्षीस मिळाले होते. सर्वात देखणी असतात ती ‘शोमन्स इंजिने’. फिरत्या जत्रांमधील पाळणे ती गावोगाव ओढून नेत आणि धुराड्यापुढे बसवलेल्या डायनॅमोवर वीज तयार करून त्यांचे दिवेही लावत.

रोडरोलरचा धागा तर थेट भारताशी जुळतो. कोलकात्याच्या नगरपालिकेचे अभियंता क्लार्क आणि बर्मिंगहॅमचे बाथो यांनी १८६० च्या दशकात आराखडा केलेला रोलर हा वाफेवरच्या सुरुवातीच्या रोलरांपैकी एक आणि तो कोलकात्याच्या रस्त्यांसाठीच होता.

या जत्रा सुरू कशा झाल्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर डिझेल ट्रॅक्टर आले आणि ही इंजिने भंगारात जाऊ लागली. १९५० मध्ये ॲपलफोर्ड गावचे शेतकरी आर्थर नॅपर यांनी दुसऱ्या एका इंजिनमालकाशी पैज लावली. दोन जुन्या इंजिनांची शर्यत लावायची आणि जिंकणाऱ्याला बिअरचे पिंप. शर्यत नॅपर यांनी जिंकली, पण खरा फायदा इंजिनांचा झाला. गोष्ट कर्णोपकर्णी झाली, पुढच्या शर्यतींना गर्दी लोटली आणि भंगाराच्या भावात जाणारी इंजिने लोक विकत घेऊ लागले. डॉर्सेटची जत्रा १९६९ मध्ये सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की इंजिने नुसती रांगेत उभी नसायची. मळणी, नांगरणी, रस्ता दाबणे, चढावर अवजड ओझे ओढणे, हे सगळे प्रेक्षकांसमोर व्हायचे.

जत्रेतला दिवस कसा जातो?

प्रेक्षक येतात त्याच्या कितीतरी आधी इंजिनवाल्यांचा दिवस सुरू होतो. भट्टीतली कालची राख काढायची, नळ्यांमधली काजळी ब्रशने साफ करायची, बॉयलरमधले पाणी तपासायचे आणि मगच आग लावायची. इंजिन थंड असेल तर पुरेशी वाफ तयार व्हायला काही तास लागतात. घाई चालत नाही. लोखंड सगळीकडे सारखे तापले नाही तर सांधे आणि नळ्यांवर ताण येऊन गळती सुरू होते. मधल्या वेळात तेलाची बुधली घेऊन एकेका बेअरिंगला तेल द्यायचे.

दुपारी मैदानात खरी मजा असते. इंजिनाच्या फ्लायव्हीलवरून लांब पट्टा टाकून मळणीयंत्र किंवा लाकूड कापायची करवत चालवली जाते. दोन-तीन इंजिने एकामागे एक जोडून अवजड ट्रेलर चढावर नेतात. अंधार पडला की शोमन्स इंजिनांचे दिवे लागतात. इंजिनवाल्यांचे काम मात्र तेव्हाही संपलेले नसते. रात्रीसाठी आग दाबून ठेवायची आणि बॉयलरमध्ये पुरेसे पाणी भरायचे, मगच झोपायचे.

इंजिन चालते कसे?

तत्त्व साधे आहे. सामान्य दाबाला पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा लागते. बंद बॉयलरमध्ये ती जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ही वाफ सिलिंडरमधला दट्ट्या पुढे-मागे ढकलते आणि क्रँकमुळे त्या हालचालीचे चाकाच्या फिरण्यात रूपांतर होते. काम झालेली वाफ धुराड्यातून वर सोडतात. ‘छुक छुक’ आवाज तिचाच. ती बाहेर पडताना भट्टीतली हवाही ओढून नेते. त्यामुळे इंजिनाला जितके जास्त काम, तितकी आग जास्त भडकते. स्वतःची भट्टी स्वतःच फुंकणारे हे यंत्र आहे.

ट्रॅक्शन इंजिनातला दाब साधारण १५० ते २०० पौंड प्रति चौरस इंच असतो. कारच्या टायरमधल्या हवेच्या पाचपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक. १५० पौंडांच्या दाबाला पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ते सुमारे १८६ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. धोका समजून घ्यायचा तर हा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

धोका नेमका कुठे असतो?

भट्टीच्या छतापाशी. या छतावर कायम पाणी असावे लागते. खाली आग आणि वर पाणी, त्यामुळे लोखंड सुरक्षित राहते. पाणी छताखाली गेले तर लोखंड लाल होते, मऊ पडते आणि वरच्या दाबाने फाटते. त्या क्षणी दाब नाहीसा होतो आणि १८६ अंशांच्या पाण्याचा बराचसा भाग एका झटक्यात वाफ होतो. हाच तो स्फोट.

म्हणून इंजिनवाल्याची नजर सतत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर असते. छताला एक प्लगही बसवलेला असतो, त्याचा गाभा लवकर वितळणाऱ्या धातूचा असतो. पाणी कमी झाले की तो वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. शिवाय जास्तीचा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच.

ही साधने निकामी झाली तर काय होते, हे २९ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात दिसले. मेडिना काउंटीच्या जत्रा मैदानावर आलेल्या केस कंपनीच्या जुन्या ट्रॅक्शन इंजिनाचा बॉयलर फुटून पाच जण ठार झाले आणि अनेक जण जखमी झाले. पाण्याची कमी पातळी, गंजून पातळ झालेले भट्टीचे छत आणि काम न करणारा प्लग ही कारणे तपासात पुढे आली. त्यानंतर ओहायोमध्ये अशा जुन्या बॉयलरांसाठी तपासणीचे नियम आले. ब्रिटनमध्ये स्वतंत्र तज्ज्ञाकडून बॉयलरची ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक आहे. प्रमाणपत्र नसेल तर इंजिन जत्रेत वाफेवर चालवता येत नाही.

मग आताचे संकट कोणते?

पहिले संकट कोळशाचे. या इंजिनांना जास्त उष्णता देणारा, कमी धूर करणारा कोळसा लागतो आणि वेल्सचा ‘स्टीम कोल’ त्यासाठी प्रसिद्ध होता. वेल्समधील फॉस-इ-फ्रान ही खुली खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. ब्रिटनमधले कोळशावरचे शेवटचे वीज केंद्रही ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. इंग्लंडमध्ये घरगुती शेगड्यांसाठी पारंपरिक कोळसा विकण्यावरही बंदी आली. वारसा इंजिनांना ती लागू नाही, पण मोठी गिऱ्हाइकेच गेल्यावर केवळ हौशी लोकांसाठी खाण कोण चालवणार? त्यामुळे कोळसा परदेशातून आणावा लागतो किंवा कोळशाच्या भुकटीपासून बनवलेल्या गोळ्या वापराव्या लागतात. प्रत्येक इंधनाची जळण्याची रीत वेगळी असते. कशात राख जास्त पडते, कशात ती वितळून भट्टीच्या जाळीवर गोळे धरते. जुन्या इंजिनवाल्यांनाही आग धरायला पुन्हा शिकावे लागते.

दुसरे संकट खर्चाचे. भट्टी बदलायची तर जाड पत्रे, रिव्हेट आणि मुख्य म्हणजे ते काम येणारे कारागीर लागतात. मोठ्या जत्रेवर जागा, सुरक्षा, विमा आणि वाहतूक यांचा भार असतो. १०-१५ टनांचे इंजिन अवजड ट्रेलरवर घालून आणायचे म्हणजे डिझेल आलेच.

तिसरे संकट माणसांचे. हे काम पुस्तक वाचून येत नाही. नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्टने मुलांसाठी ‘स्टीम अप्रेंटिस क्लब’ चालवला आहे, तो त्यासाठीच. पण शिकायला चालते इंजिन लागते आणि ते पाहायला, हाताळायला मिळण्याची हक्काची जागा म्हणजे जत्रा.

प्रदूषणाचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कार्यक्षमता असलेली ही यंत्रे आज कोणी वाहतुकीसाठी वापरा म्हणणार नाही. मात्र वर्षातले मोजके दिवस चालणाऱ्या इंजिनांना लागणारा कोळसा वीज केंद्रांच्या तुलनेत नगण्य असतो. अडचण त्या कोळशाच्या प्रमाणाची नाही, तो मिळण्याची आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने १९९० च्या दशकात गेली. दार्जिलिंग आणि निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर ती अजून धावतात. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिने चालत्या स्थितीत ठेवली आहेत. १८५५ मध्ये बनलेली ‘फेअरी क्वीन’ही त्याच शेडमधली.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेची वाफेची इंजिने १९८२ मध्ये थांबली. त्यांतले एक नेरळला उभे आहे. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात, पण त्याच्या भट्टीत आग नाही.

गंमत म्हणजे वाफेचे ज्ञान महाराष्ट्रातून गेलेले नाही. दरवर्षी गळीत हंगामाआधी साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ होतो. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटतात, प्रशिक्षित बॉयलर अटेंडंट ते सांभाळतात आणि सरकारचे बाष्पके संचालनालय त्यांची तपासणी करते. पाण्याची पातळी, दाब आणि आग यांचे गणित माहीत असलेली माणसे गावोगाव आहेत. एखादा जुना स्टीम रोलर किंवा इंजिन पुन्हा चालते करायचे ठरले, तर त्यांच्या अनुभवाचा उपयोग होऊ शकतो.

मात्र निर्णयाला वेळ लावणे महाग पडते. उभे इंजिन रंगरंगोटी करून पन्नास वर्षेही टिकवता येते. ते चालवणारा माणूस तितके थांबू शकत नाही. डॉर्सेटची जत्रा थांबल्यावर तिथल्या लोकांना हीच काळजी आहे. इंजिने कुठेतरी राहतील, पण पहाटे उठून भट्टी कशी लावायची, हे पुढच्या पिढीला कोण आणि कुठे दाखवणार?