मेलेले यान कुणाच्या दारात?

२ एप्रिल २०२२ चा दिवस गुढीपाडव्याचा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून आगीचे लोळ सरकत जाताना हजारो लोकांनी पाहिले. कुणी म्हणाले उल्का, कुणी म्हणाले विमान पेटले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्याच्या लाडबोरी गावात, मोकळ्या जागेवर, माणसाच्या उंचीपेक्षा मोठे असे धातूचे कडे येऊन आदळले. पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. पोलिसांनी या वस्तू सिंदेवाहीच्या ठाण्यात नेऊन ठेवल्या आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'चांग झेंग ३बी' या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अवकाशातील वस्तूंची नोंद ठेवणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. उपग्रहाला पुढे ढकलून रिकामे झालेले ते धूड सुमारे चौदा महिने पृथ्वीभोवती बेवारस फिरत होते.

सुदैवाने कुणी दगावले नाही. वर्तमानपत्रांत कड्याचे फोटो छापून आले, वाहिन्यांनी चार दिवस चर्चा केली आणि विषय संपला. आमच्या मते विषय तेथे सुरू व्हायला हवा होता. कारण मेलेल्या यानांसाठी या जगाने एक स्मशान राखून ठेवलेले आहे आणि ते लाडबोरीत नाही.

हे स्मशान दक्षिण प्रशांत महासागरात आहे. तेथील एका बिंदूला 'पॉइंट निमो' म्हणतात. निमो या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कुणीही नाही'. १९९२ साली ह्र्वोये लुकातेला या सर्वेक्षण अभियंत्याने संगणकावर हिशेब करून हा बिंदू शोधला. जमिनीपासून सर्वांत दूर असलेले हे समुद्रातले ठिकाण. येथून सर्वांत जवळची जमीन म्हणजे काही ओसाड बेटे, आणि तीही सुमारे २,६८८ किलोमीटरवर. पुष्कळदा या बिंदूच्या सर्वांत जवळची माणसे म्हणजे डोक्यावरून चारशे किलोमीटर उंचीवरून जाणारे अंतराळवीरच असतात, असे म्हणतात ते खोटे नाही.

या बिंदूच्या आसपासच्या अफाट जलप्रदेशात १९७१ पासून अडीचशेहून अधिक निकामी याने बुडवण्यात आली. रशियाचे 'मीर' हे सुमारे १३० टनांचे अवकाश स्थानक २३ मार्च २००१ रोजी दक्षिण प्रशांत महासागरातच उतरवले गेले. सुमारे सव्वाचारशे टनांचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक या दशकाच्या अखेरीनंतर याच भागात बुडवायचे ठरले आहे. त्याला खाली ढकलण्यासाठी वेगळे यान बांधायचे आहे आणि त्याचे ८४ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट नासाने २०२४ साली दिले.

ही पद्धत समजून घेतली पाहिजे. यान मरण्याआधी त्याच्या टाकीत थोडे इंधन राखून ठेवतात. ठरलेल्या वेळी इंजिन उलट दिशेने पेटवतात, यानाचा वेग कमी होतो आणि ते वातावरणात शिरते. बराचसा भाग जळून जातो. टायटॅनियम आणि पोलादाचे भाग, इंधनाच्या टाक्या, जाड कडी मात्र तग धरतात आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरून पडतात. म्हणून तर एवढा मोठा निर्मनुष्य समुद्र लागतो. जहाजांना आणि विमानांना आधी इशारा दिला जातो. म्हणजे माणसाच्या डोक्यावर काही पडू नये यासाठी लागणारे शास्त्रही आहे, तंत्रही आहे आणि जागाही आहे.

मग लाडबोरीत ते कडे का पडले? कारण परतीचे इंधन राखायचे म्हणजे रॉकेटने वाहून न्यायचे वजन कमी करावे लागते. इंजिन पुन्हा पेटवण्याची सोय करावी लागते. त्याला पैसा लागतो. हा पैसा वाचवायचा असेल तर काम झालेले रॉकेट तसेच सोडून द्यायचे. पृथ्वीच्या हवेला घासत घासत ते कधीतरी, कुठेतरी पडेल. 'कुठेतरी' म्हणजे कुठे, याचे उत्तर सोडणाऱ्याला द्यावे लागत नाही. असे धूड नेमक्या कोणत्या गावावर पडेल हे शास्त्रज्ञांनाही आधी सांगता येत नाही. अंदाजात काही तासांची चूक होते आणि तेवढ्या वेळात ते पृथ्वीला फेऱ्या मारून कुठल्या कुठे गेलेले असते.

हे 'कुठेतरी' सर्वांच्या वाट्याला सारखे येते काय? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात हा हिशेब मांडला. न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्को ज्या अक्षांशांवर आहेत, त्यांच्यापेक्षा जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर रॉकेटचे सांगाडे पडण्याची शक्यता सुमारे तिप्पट आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोडणारे उत्तरेकडचे श्रीमंत देश आणि झेलणारे विषुववृत्ताजवळचे दाट वस्तीचे गरीब देश! आयव्हरी कोस्टच्या गावांत मे २०२० मध्ये चिनी रॉकेटचे अवशेष सापडले. लाडबोरीनंतर महिन्याभरात, मे २०२२ मध्ये, गुजरातच्या आणंद जिल्ह्यात धातूचे गोळे पडले. ३० डिसेंबर २०२४ रोजी केनियाच्या मुकुकु गावात सुमारे पाचशे किलो वजनाचे कडे पडले.

सुज्ञ वाचकांना येथे एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. गावगाड्यात ढोर जिवंत असेपर्यंत त्याचे दूध मालकाचे, त्याची मेहनत मालकाची. ते मेले की ओढून नेण्याचे काम मात्र गावकुसाबाहेरच्यांचे. ज्याने फायदा घेतला त्याचे हात स्वच्छ आणि ज्याला थेंबभर दूध मिळाले नाही त्याच्या वाट्याला सडके मढे. १९२७ च्या महाड परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा संदेश दिला. त्यानंतर गावोगाव आमच्या बापजाद्यांनी ढोर ओढणे नाकारले, बहिष्कार सोसला, पण मागे हटले नाहीत. तो केवळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हता. फायदा कुणाचा आणि घाण कुणाची, हा हिशेब त्यांनी मागितला होता. उपग्रहाचा फायदा ज्यांचा, त्यांनीच त्याचे मढे नीट पुरावे, हे म्हणणे त्याच हिशेबातले आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना हा हिशेब चांगला कळतो. कोळसा येथला, वीज दूरच्या शहरांना आणि राख येथल्या शेतांवर. लोखंड सुरजागडच्या डोंगरातले आणि रस्त्यावरची लाल धूळ एटापल्लीच्या लोकांच्या नाकात. आता आकाशातूनही तोच न्याय! एप्रिल महिना म्हणजे मोहफुले वेचण्याचा काळ. पहाटे अंधारात बायाबापड्या टोपली घेऊन झाडाखाली असतात. मग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ज्याला नकाशावर 'जंगल' म्हणून रिकामे दाखवतात, ते रिकामे नसते. पॉइंट निमोला माणूस नाही, गडचिरोलीच्या जंगलात माणूस आहे. पण धोरण ठरवणाऱ्यांच्या हिशेबात हा फरक कितीसा असतो?

आता कायद्याकडे वळू. १९७२ साली अवकाशातील वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या दायित्वाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत आणि चीन दोघेही त्याला बांधील आहेत. एखाद्या देशाने सोडलेली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले तर त्या देशाचे दायित्व पूर्ण असते, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. ऐकायला फार चांगले. परंतु बारकावे पाहिले पाहिजेत.

पहिला बारकावा असा की या करारान्वये दावा देश करतो, गावकरी नव्हे. लाडबोरीचा शेतकरी उद्या जखमी झाला तर त्याच्या वतीने दिल्लीने बीजिंगकडे राजनैतिक मार्गाने मागणी करायची. मागणी करायची की नाही, हे दिल्ली ठरवणार. दुसरा बारकावा मुदतीचा. नुकसान झाल्यापासून किंवा सोडणारा देश कळल्यापासून एक वर्षात दावा दाखल व्हावा लागतो. तिसरा बारकावा सर्वांत महत्त्वाचा. सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. म्हणजे उद्या श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या भारतीय रॉकेटचा तुकडा सिंदेवाहीत पडला तर हा करार गावकऱ्याच्या उपयोगाचा नाही.

या करारान्वये गाजलेला दावा एकच. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. त्यात युरेनियमवर चालणारी अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे डेने आणि इनुइट या आदिवासींच्या शिकारीच्या प्रदेशात पसरले. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तडजोडीत ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. हा दावा शोध आणि सफाईच्या सरकारी खर्चाचा होता. ज्यांच्या भूमीवर तुकडे पडले, त्यांच्या मनातल्या भीतीचा त्यात हिशेब नव्हता.

आपल्याकडे भोपाळचा अनुभव आहे. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ साली पीडितांना न विचारता ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. सरकार जेव्हा गरिबाचा वकील होते तेव्हा अशिलाला न विचारता खटला मिटवू शकते, हा धडा विसरून चालणार नाही.

याउलट अमेरिकेतील उदाहरण पाहा. ८ मार्च २०२४ रोजी फ्लोरिडातील नेपल्स गावी एका घराचे छप्पर आणि मजले भेदून जेमतेम ७०० ग्रॅमचा धातूचा तुकडा आत आला. तो अवकाश स्थानकावरून टाकून दिलेल्या बॅटऱ्यांच्या साहित्याचा भाग असल्याचे नासाने मान्य केले. त्या कुटुंबाने वकील नेमला आणि ८० हजार डॉलरचा दावा दाखल केला. परदेशी माणसाला जे संरक्षण करार देतो ते स्वतःच्या नागरिकाला का नको, असा त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद होता. आमचे म्हणणे तेच आहे. ७०० ग्रॅमसाठी तेथे वकील उभा राहतो, मग माणसापेक्षा मोठ्या कड्यासाठी येथे का नाही?

केवळ चीनकडे बोट दाखवून आमचे काम भागत नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेला भलामोठा नळकांड्यासारखा भाग भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटचा असावा, असे तेथील अवकाश संस्थेने सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ चे तुकडे पोलंडमध्ये पडले. पण चांगले उदाहरणही आपल्याच घरी आहे. ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने 'मेघा-ट्रॉपिक्स-१' हा सुमारे एक हजार किलोचा निकामी उपग्रह शिल्लक इंधनाचा वापर करून प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागात उतरवला. त्या उपग्रहाची रचना असा शेवट करण्यासाठी केलेली नव्हती, तरीही शास्त्रज्ञांनी ते करून दाखवले. इच्छा असली की होते, हे यावरून सिद्ध झाले. समुद्रही कुणाची खासगी उकिरड्याची जागा नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण माणसाचे डोके आणि निर्मनुष्य पाणी यांतून निवड करायची असेल तर उत्तर एकच असू शकते.

वाघाने माणूस मारला तर शासनाची ठरलेली मदत आहे. वीज पडून कुणी मेले तरी मदत आहे. यान पडून मेले तर कोणत्या नियमाने, किती आणि कुणाकडून, हे लिहिलेले असले पाहिजे. २०१७ साली केंद्राने अवकाशविषयक कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. २०२३ साली अवकाश धोरण जाहीर झाले. पण धोरण दाखवून न्यायालयात भरपाई मिळत नाही, त्याला कायदा लागतो. आता खासगी कंपन्याही रॉकेट सोडू लागल्या आहेत. १९८६ च्या ओलियम वायुगळती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगाचे दायित्व पूर्ण असल्याचे तत्त्व सांगितले. तेच तत्त्व अवकाशाच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यावे, पीडिताला थेट दावा करता यावा आणि देशाच्या वतीने तडजोड करताना ग्रामसभेचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असावे, अशी आमची मागणी आहे.

तोवर कार्यकर्त्यांनी काय करावे? शेतात, जंगलात असे काही पडलेले दिसले तर हात लावू देऊ नका, कारण टाकीत हायड्राझिनसारखे विषारी इंधन राहिलेले असू शकते. मुलांना दूर ठेवा, पोलीस आणि तहसीलदारांना कळवा. वस्तू उचलून नेण्याआधी जागेवरच पंचनामा करवून घ्या आणि त्याची प्रत मागा. मोडलेले घर, मेलेले जनावर, जळालेले पीक यांचे फोटो तारखेसह ठेवा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि लेखी अर्जाची पोच घ्या. वकिलीच्या व्यवसायात आम्ही रोज पाहतो की गरिबाचा खरा दावा केवळ कागद नसल्यामुळे बुडतो. वर्षाची मुदत पहिल्या दिवसापासून सुरू होते.

संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा अधिकार लाडबोरीला आणि दिल्लीला सारखाच आहे. तो मागण्यासाठी कुणाचा जीव जाण्याची वाट पाहू नये. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामसभांनी येत्या सभेत हा विषय पटलावर घ्यावा आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्राकडे पाठवावा. पहिला ठराव लाडबोरीचा असावा.