नजर नेमकी कुठे?

रामटेकच्या गडावरून अंबाळा तलाव, भोवतीची देवळं, पलीकडची शेतं सगळं एकदम लख्ख दिसतंय असं वाटतं. तो भास. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा जेमतेम दोन अंशांचा भागच बारकावे टिपतो. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, साधारण तेवढाच. बाकी धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारतो.

कॅमेरा मात्र रिकाम्या आभाळाचाही कण न् कण टिपतो आणि संगणकाचा जीव काढतो! २०१४ मध्ये ‘डीपमाइंड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीतल्या व्होलोदिमिर म्नीह आणि सहकाऱ्यांनी चित्र ओळखायला शिकणाऱ्या यंत्राला चित्राचा छोटा तुकडाच ठळक दाखवला, भोवतालचं पुसट. पुढची नजर कुठे टाकायची, हे ते बरोबर उत्तराच्या बक्षिसातून शिकलं.

रामटेकशेजारच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा कॅमेरा वणव्याचा धूर हेरतो. अशा कामात संशयास्पद ठिपक्यावरच नजर रोखणं परवडतं.