उसाच्या रानात संकरित वांगी : बियाण्यापासून तोडणीपर्यंत



डिसेंबर-जानेवारीत खोडवा तुटून जातो, रान मोकळे होते आणि आडसालीची लागण येते जुलैच्या मध्याला. मधले सहा महिने रान तापत ठेवायचे की त्यातून काही काढायचे, हा प्रश्न गट ऑफिसात वरचेवर निघतो. कोणी उन्हाळी भुईमूग धरतो, कोणी कलिंगड. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी टिकते आणि घरात तोडणीला चार हात आहेत, त्यांनी संकरित वांग्याचा विचार करावा असे आम्हाला वाटते. पाणी किंवा माणूसबळ यांपैकी एक जरी कमी असेल तर या वाटेला जाऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. ऊस आठ-पंधरा दिवस नजरेआड झाला तरी फारसे बिघडत नाही. वांगे चौथ्या दिवशी रुसते.

सुरुवात बियाण्यापासून. एका सभासद अण्णांनी आम्हाला सरळच विचारले, "उसाचं बेणं आम्ही आमच्याच मळ्यातलं लावतो, ते चालतं. मग वांग्याचं बी दर साली इकत कशापायी घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. उसाच्या डोळ्यातून जो कोंब येतो तो त्याच उसाचा तुकडा असतो. आई तीच, लेकरू तेच. वांग्याचे बी मात्र फुलातल्या परागातून तयार होते. संकरित बियाण्यासाठी एका वाणाची उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हलक्या हाताने उघडतात, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून टाकतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिला लावतात. जालना जिल्ह्यात आणि बुलढाण्याच्या देऊळगाव राजा भागात हे काम शेडनेटमध्ये चालते, आणि त्यात बायकांचे हात जास्त असतात. एकेका कळीशी असे खेळावे लागते, म्हणून त्या पुडीची किंमत. अशा बियाण्याची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी येते. तिच्या फळातले बी धरून पुढच्या साली पेरले की आजा-पणजाचे गुण सुटे होऊन बाहेर पडतात. एका सरीत चार तऱ्हेची वांगी, कोणी लांबडे, कोणी गोल, कोणी उशिरा येणारे. बाजारात असा मिसळ माल कोणी उचलत नाही. तेव्हा संकरित वांग्याचे बी घरी धरण्याची काटकसर अंगाशी येते.

ज्यांना घरचेच बी हवे त्यांनी मांजरी गोटा किंवा वैशालीसारखे सरळ वाण घ्यावेत, नाहीतर आपली कृष्णाकाठची काटेरी वांगी आहेतच. त्यांचे बी धरता येते. फक्त बियाण्याची झाडे दुसऱ्या वाणापासून लांब ठेवावीत, कारण वांगे बहुतेक आपल्याच परागावर फळते, तरी मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतातच. संकरितात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'कृष्णा' हा अंडाकृती फळांचा काटेरी वाण आहे आणि खाजगी कंपन्यांचे तर पुष्कळ आहेत. वाण निवडताना पुडीवरचे चित्र पाहू नये, आपला माल ज्या बाजारात जातो तिथल्या अडत्याला विचारावे. जळगावकडे भरताचे वांगे चालते, आपल्याकडे भरल्या वांग्याचे लहान काटेरी फळ लागते. पुडी आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवावी. तक्रार करायची पाळी आली तर तेवढाच पुरावा हातात असतो.

संकरित म्हटले की काही जणांना बीटी वाटते. दोन्ही निराळी. बीटी वांग्यात जिवाणूतला जनुक प्रयोगशाळेत घातलेला असतो. त्याच्या व्यापारी लागवडीला केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली ती उठलेली नाही. बांगला देशात मात्र २०१४ पासून ते शेतात आहे. आपल्या दुकानात कोणी "बीटी वांगे" म्हणून पुडी पुढे केली तर ती घेऊ नये.

बी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टाकावे. ऊस अजून फडात उभा असला तरी हरकत नाही, रोपाला जागा ती किती लागते! संकरितास हेक्टरी १२० ते १५० ग्रॅम बी पुरते, म्हणजे एकरी ५० ते ६० ग्रॅम. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच असे गादीवाफे करून त्यात चाळलेले शेणखत मिसळावे, बोट-दीड बोट खोल नव्हे तर नखभर खोल रेघा ओढून बी पातळ टाकावे. दाट टाकलेल्या आणि रोज भरपूर पाणी दिलेल्या वाफ्यात रोपे जमिनीलगत सडून कोलमडतात. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावे आणि पाणी झारीने, तेही सकाळी द्यावे. जानेवारीची थंडी असते, उगवण रेंगाळते, म्हणून वाफ्यावर पाचटाचा पातळ थर द्यावा. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी तो काढावा, नाहीतर रोपे पांढरी आणि लांबडी होतात. वाफ्यावर बारीक जाळी टाकली तर पांढरी माशी आणि तुडतुडे रोपापासूनच दूर राहतात. हल्ली ट्रेमधली तयार रोपे मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण कोणत्या वाणाची, कधीच्या पेरणीची, हे लिहून घ्यावे. पाच-सहा आठवड्यांचे, वीतभर उंचीचे रोप लागणीला योग्य.

रानाची गोष्ट उसाच्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगावी? मागे टोमॅटो, मिरची किंवा बटाटा झालेल्या रानात वांगे नको, ती सगळी एकाच कुळातली आहेत. त्या दृष्टीने उसाचे रान चांगलेच. मात्र नांगरटीत हुमणी निघते का ते पाहावे. कारखान्याकडून मिळणारे मळीचे खत घालायचे तर पूर्ण कुजलेलेच घालावे.

अंतराचा हिशेब असा. शिफारस आहे ९० बाय ९० सेंटीमीटरची, म्हणजे तीन बाय तीन फूट. आपल्याकडे ठिबकच्या नळ्या उसासाठी साडेचार फुटांवर टाकलेल्या असतात. त्या हलवू नयेत. साडेचार फुटांच्या ओळीत दोन-दोन फुटांवर रोप लावले तरी झाडाला तेच नऊ चौरस फूट मिळतात आणि एकरी ४,८४० रोपे बसतात. लागण दुपारनंतर करावी. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात उसाचे पाचट अंथरले की उन्हाळ्यात ओल धरून राहते आणि खुरपणीही कमी होते. पाचट पेटवून देण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

खत हेक्टरी १५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद, ७५ किलो पालाश धरले तर एकरी सुमारे १३० किलो युरिया, १८८ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० किलो पोटॅश होते. स्फुरद-पालाश सगळे लागणीला द्यावे, युरिया तीन हप्त्यांत विभागून. माती परीक्षण केले असेल तर हा आकडा बदलेल. उसाला पोत्याने युरिया टाकायची सवय असलेला हात इथे आवरावा लागतो. जास्त नत्राने झाड हिरवेगार, पानाळ दिसते, घरधनी खूश होतो, आणि त्या कोवळ्या पाल्यावर तुडतुडे व अळी त्याच्याहून खूश होतात.

उसाच्या शेतकऱ्याला आणखी एका गोष्टीची सावधगिरी बाळगावी लागते. मार्चमध्ये एखादा सभासद धावत येतो, "साहेब, वांग्याला व्हायरस आलाय, पानं पार वाकडी झाली." जाऊन पाहावे तर पाने दोरीसारखी पिळलेली, शेंडा मुरडलेला, आणि बांधापलीकडे सुरू उसात नुकतेच टू-फोर-डी मारलेले. हे तणनाशक रुंद पानाच्या झाडाला मारते, उसाला नाही. वाऱ्याने आलेला त्याचा तुषारसुद्धा वांग्याला पुरतो. त्याहून वाईट म्हणजे उसात तणनाशक मारलेला पंप नुसता खळबळून वांग्याला वापरणे. वांग्याचा पंप वेगळाच ठेवावा. शेजाऱ्याच्या फवारणीचा दिवस आधी विचारून घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

लागणीनंतर दीड-दोन महिन्यांत फुले येतात आणि काही गळतात. लगेच दुकानात जाऊन टॉनिकची बाटली आणू नये. वांग्याच्या फुलांत फरक असतो. ज्या फुलात मधली काडी पिवळ्या केसरांच्या बाहेर आलेली किंवा त्यांच्या बरोबरीची असते ते फळ धरते. जिची काडी आखूड राहिलेली असते ते गळणारच, तो झाडाचा स्वभाव आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गळ वाढते. पाण्याची पाळी पाच-सहा दिवसांवर, आणि ठिबक असेल तर रोज थोडे, अशी नियमित ठेवली म्हणजे झाड सावरते.

आता या पिकातला खरा शत्रू, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. हिचा पतंग रात्री अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी लगेच कोवळ्या शेंड्यात शिरते, तो शेंडा उन्हात पाणी नसल्यासारखा माना टाकतो. पुढे फळे लागली की ती देठाखालच्या टोपीजवळून फळात जाते आणि आत शिरलेली जागा भरून येते. फळावर आपल्याला जे भोक दिसते ते बहुधा अळी आत गेल्याचे नसते, पोट भरून बाहेर पडल्याचे असते. हे ध्यानात घेतले की भोक पडलेली फळे पाहून संध्याकाळी औषध मारण्यात काय अर्थ आहे ते कळते. अळी तर केव्हाच मातीत जाऊन कोषात बसलेली असते, आणि आत असलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही.

म्हणून काम आधी करायचे. आठवड्यातून दोनदा सरीतून फिरून मान टाकलेले शेंडे भोकाच्या खालपर्यंत खुडावेत आणि पिशवीत गोळा करून जाळावेत किंवा खोल पुरावेत. बांधावर टाकलेला शेंडा म्हणजे अळीला दिलेली मोकळीक. किडकी फळेही तशीच नष्ट करावीत. एकरी चार-पाच कामगंध सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीला लावावेत आणि त्यात पडणारे पतंग मोजावेत, म्हणजे फवारणीची वेळ कळते. सुरुवात पाच टक्के निंबोळी अर्काने करावी. रासायनिक औषध लागलेच तर वांग्यासाठी शिफारस असलेलेच घ्यावे, पाठोपाठ तेच ते मारू नये. पाने बारीक होऊन झाडाचा झुबका दिसला तर तो पर्णगुच्छ रोग, तुडतुड्यांनी आणलेला. त्याला औषध नाही, झाड उपटणे एवढेच.

औषधाच्या लेबलावर फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये ते लिहिलेले असते. इथेच माणसाची परीक्षा होते, कारण तोडा चार-पाच दिवसांनी येतो आणि भाव चढलेला असला की थांबवत नाही. काही ठिकाणी घरच्या भाजीसाठी दोन ओळी बिनफवारणीच्या वेगळ्या राखतात, असे आम्ही पाहिले आहे. मग बाजारात जाणारे वांगे कोणाच्या ताटात जाते? आधी तोडा करावा, नंतर फवारावे, आणि मुदत लांबीची असेल तर एक तोडा सोडून द्यावा. सोडलेली जून फळे मात्र झाडावर ठेवू नयेत, ती काढून टाकावीत.

लागणीपासून दहा-बारा आठवड्यांनी, म्हणजे मेच्या सुमारास पहिला तोडा येतो. फळावर तकाकी आहे तोवर ते कोवळे. तकाकी गेली की आत बी जून झाले, भाजी कडवट लागते आणि अडत्या भाव पाडतो. फळ ओढू नये, देठासकट कापावे. सकाळी उन्हाआधी तोडून सावलीत निवड करावी. या निवडीत बायकांची नजर पुरुषांपेक्षा तीक्ष्ण असते, तेव्हा बाजाराची पट्टीही त्यांच्या हाती द्यायला काय हरकत आहे? जुलैच्या मध्यापर्यंत पंधराएक तोडे मिळतात.

पुढे आडसाली लावायचा नसेल तर वांग्याचा खोडवाही धरता येतो. फांद्या छाटून, खत-पाणी देऊन झाड पुन्हा फुटते, आणि झाड तेच असल्यामुळे फळही तेच येते. मात्र अळीने ग्रासलेल्या किंवा पर्णगुच्छ असलेल्या प्लॉटचा खोडवा धरू नये. ऊस लावायचा असेल तर झाडे मुळासकट उपटून मुळांना गाठी आहेत का पाहावे. गाठी म्हणजे सूत्रकृमी. तशा रानाची नोंद ठेवावी, मातीचा नमुना गट ऑफिसात द्यावा आणि तिथे पुढची दोन-तीन साले वांगी, टोमॅटो किंवा मिरची घेऊ नये.