तुटलेला दुवा : लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडला जात नाही तेव्हा

एप्रिल महिन्याची ४ तारीख, रात्रीचे नऊ वाजलेले. एक निवृत्त खातेदार सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाची रक्कम नेट बँकिंगद्वारे भरण्यासाठी लॅपटॉप उघडून बसले आहेत. या खात्यावरील व्याज महिन्याची ५ तारीख आणि महिनाअखेर यांच्या दरम्यान असलेल्या किमान शिलकेवर मोजले जाते. रक्कम ५ तारखेपर्यंत जमा झाली तर एप्रिलचे व्याज पदरात पडते. एका दिवसाचा उशीर झाला तर भरलेल्या रकमेवरील महिन्याचे व्याज बुडते. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर संदेश उमटतो : इंटरनेट उपलब्ध नाही. मोबाइलवर मात्र सर्व काही सुरळीत दिसते. लॅपटॉप बिघडला, असा निष्कर्ष निघतो आणि धावपळ सुरू होते.

अशा प्रसंगी बिघाड बहुधा क्षुल्लक असतो. नुकसान होते ते घाईने केलेल्या उपायांमुळे. म्हणून उपाय करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे ठरविण्याची रीत प्रत्येक ग्राहकाने आत्मसात करणे हिताचे आहे.

जुळवणी पत्रकाचा धडा

रोकड पुस्तकातील शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक यांत फरक आला, तर अनुभवी लेखनिक नोंदी खोडत सुटत नाही. जुळणाऱ्या नोंदींवर तो खुणा करीत जातो. ज्या उरतात, त्यांतच फरकाचे कारण असते. येथेही तीच पद्धत उपयोगी पडते.

लॅपटॉपपासून बँकेच्या संकेतस्थळापर्यंतचा मार्ग म्हणजे एक साखळी होय. लॅपटॉपमधील बिनतारी यंत्रणा, घरातील राउटर, फायबर अथवा केबलची जोडणी आणणारा मोडेम, सेवा पुरवठादाराचे जाळे आणि शेवटी संकेतस्थळ, असे तिचे पाच दुवे. यांपैकी कोणते दुवे शाबूत आहेत, हे क्रमाने तपासले की तुटलेला दुवा आपोआप उघडा पडतो.

दोन सोप्या कसोट्या

पहिली कसोटी मोबाइलची. त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का, हे पाहावे. परंतु त्याआधी मोबाइल डेटा बंद करावा. वाय-फायवर इंटरनेट नसेल तर अनेक मोबाइल गाजावाजा न करता स्वतःच्या डेटावर वळतात आणि वापरणाऱ्यास वाय-फाय ठीक असल्याचा भास होतो. वर उल्लेखिलेल्या खातेदारांची फसगत येथेच झाली. डेटा बंद करताच मोबाइलवरील इंटरनेटही थांबले. अर्थात दोष लॅपटॉपचा नव्हता.

दुसरी कसोटी उलट दिशेची. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा. जोडणी झाली, तर लॅपटॉपमधील बिनतारी यंत्रणा निर्दोष आहे असे बहुतांशी मानता येते. शिवाय तातडीचे काम तेवढ्यात उरकता येते, हा लाभ वेगळाच.

नेटवर्कचे नावच दिसत नाही

यादीत कोणत्याच नेटवर्कचे नाव येत नसेल, तर लॅपटॉपचे वाय-फाय बंद असण्याची शक्यता अधिक. काही लॅपटॉपच्या कडेला त्यासाठी लहानसा खटका असतो, तर काहींत कीबोर्डच्या वरच्या ओळीत कळ असते आणि ती चुकून दाबली जाते. ‘एअरप्लेन मोड’ सुरू नाही ना, हेही पाहावे.

शेजाऱ्यांची नावे दिसतात, पण घरचे नाव दिसत नाही, असे झाल्यास कारण निराळे असते. घरगुती राउटर मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरपट्ट्यांवर काम करतात. जुन्या लॅपटॉपना पुष्कळदा पहिलीच पट्टी कळते. राउटर फक्त दुसरीवर चालू असेल तर त्यांच्या दृष्टीने ते नेटवर्क अस्तित्वातच नसते. अमेरिकेतील मुलाने अथवा मुलीने पाठविलेल्या लॅपटॉपबाबत आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. तेथे २.४ गिगाहर्ट्झ पट्टीतील १ ते ११ या वाहिन्याच सामान्यतः वापरल्या जातात. भारतातील राउटरने १२ वा १३ क्रमांकाची वाहिनी निवडली असेल, तर असा लॅपटॉप तिला पाहू शकेलच असे नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ ही वाहिनी निश्चित केल्यास ही अडचण दूर होते.

नाव कधी दिसते, कधी लुप्त होते, तेव्हा राउटरच्या जागेकडे लक्ष द्यावे. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि जाड भिंत या लहरींच्या मार्गातील अडथळे होत. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे तो सुरू असताना त्या पट्टीवरील जोडणी मंदावू शकते.

नाव दिसते, प्रवेश मिळत नाही

येथे प्रश्न बहुधा पासवर्डचा असतो. राउटरचा पासवर्ड बदलला गेला, पण लॅपटॉप मात्र जुनाच पाठ करून बसला आहे, असे वारंवार घडते. अशा वेळी यादीतील त्या नावावर ‘फरगेट’ हा पर्याय निवडून पासवर्ड नव्याने, लहान-मोठ्या अक्षरांचे भान ठेवून भरावा.

पासवर्ड अचूक असूनही नकार मिळत असेल, तर सुरक्षापद्धतीतील तफावत तपासावी. २००४ पासून ‘डब्ल्यूपीए२’ आणि २०१८ पासून ‘डब्ल्यूपीए३’ ही पद्धत प्रचारात आली. राउटर केवळ नव्या पद्धतीवर ठेवला असल्यास जुना लॅपटॉप आत येऊ शकत नाही. दोन्ही पद्धती चालणारा मिश्र पर्याय निवडावा. जोडणी व्हावी म्हणून पासवर्डच काढून टाकणे किंवा ‘डब्ल्यूईपी’ या कालबाह्य पद्धतीकडे वळणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्या पद्धतीतील उणिवा २००१ मध्येच उघड झाल्या होत्या.

जोडणी आहे, इंटरनेट नाही

याचा अर्थ लॅपटॉप आणि राउटर यांतील दुवा जुळला आहे, पुढे कोठेतरी खंड पडला आहे. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘आयपी’ पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही असे समजावे. वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करणे आणि न जमल्यास राउटर पुन्हा चालू करणे, एवढे पुष्कळदा पुरते. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर सामान्यतः राउटरपर्यंत सर्व ठीक आहे.

मग मोडेमचे दिवे पाहावेत. फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ या अक्षरांचा दिवा लाल दिसत असेल, तर तारेतून प्रकाशच पोहोचत नाही. तेथे घरातील कोणताही उपाय चालत नाही. तक्रार नोंदविणे हाच मार्ग. दिवे व्यवस्थित असतील तर योजनेची मुदत संपली आहे का, हे पडताळावे. आपल्या खातेदारांच्या बाबतीत हेच निघाले. त्यांची वार्षिक योजना ३१ मार्चलाच संपली होती!

राउटर बंद करून चालू करणे आणि ‘रीसेट’ करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मोडेम व राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिरावल्यावर राउटर, या क्रमाने सुरू करण्यात धोका नाही. राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसली, तर मात्र सेवा पुरवठादाराने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते, आणि किरकोळ अडचणीचा खरोखरच बिघाड होतो.

सर्व चालते, बँक तेवढी उघडत नाही

प्रथम लॅपटॉपवरील दिनांक व वेळ पाहावी. सुरक्षित संकेतस्थळाच्या डिजिटल प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉपमधील घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले असेल, तर वैध प्रमाणपत्रही त्याला अग्राह्य वाटते. दिनांक बरोबर असूनही प्रमाणपत्राविषयी इशारा येत असेल, तर तो डावलून पुढे जाऊ नये. भारतीय बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र प्रत्यय २०२५ मध्ये विहित केला. पत्त्याचा शेवट तसाच आहे याची खात्री करूनच पासवर्ड टंकावा.

घाईची किंमत

मदतीसाठी इंटरनेटवर शोधून सापडलेला पहिला दूरध्वनी क्रमांक फिरविणे, ही या साऱ्यातील सर्वांत महाग चूक होय. भामटे असे बनावट क्रमांक पसरवून ठेवतात. पलीकडील व्यक्ती नम्रपणे लॅपटॉप दुरून हाताळू देणारे ॲप घ्यायला सांगते, आणि वाय-फाय दुरुस्त होता होता खाते रिकामे होते. सेवा पुरवठादाराचा क्रमांक देयकावरूनच घ्यावा. अशी फसवणूक झालीच, तर तत्काळ आपल्या बँकेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वेळ जाईल तशी रक्कम थोपविण्याची शक्यता घटत जाते.

शेजाऱ्याच्या उघड्या नेटवर्कवरून अशा रात्री बँकेचे व्यवहार करण्याचा मोहही आवरावा. त्यापेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा. त्या खातेदारांनी अखेर तेच केले. हॉटस्पॉटवरून रक्कम भरली, पावती जपून ठेवली आणि योजनेचे नूतनीकरण दुसऱ्या दिवशी सावकाश केले. एप्रिलचे व्याज वाचले, आणि लॅपटॉपही दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापासून वाचला.