चुंबक आणि वीज यांचा दुभाष्या

रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरजवळून जातांना एक अखंड गुणगुण ऐकूं येते. ती बव्हंशीं त्यांतील लोखंडी गाभ्याची असते. चुंबकत्व बदललें कीं लोखंडाची लांबी अत्यल्प प्रमाणांत बदलते. हा गुण जेम्स जूल यांनीं १८४२ सालीं निदर्शनास आणला. उलट, स्वयंपाकघरांतील गॅसच्या लायटरचा खटका दाबला म्हणजे आंतील भाजीव पदार्थावर आघात होऊन वीज उत्पन्न होते व ठिणगी पडते. दाबापासून वीज देण्याचा हा गुण क्युरी बंधूंनीं १८८० सालीं स्फटिकांत शोधून काढला. या दोन गुणांची सांगड घातली, तर चुंबकक्षेत्रापासून सरळ विद्युद्दाब मिळेल काय?

एकाच पदार्थाच्या ठिकाणीं असा संबंध असूं शकेल, हें प्येर क्युरी यांनीं १८९४ सालींच सुचविलें होतें. परंतु प्रत्यक्ष प्रमाण मिळण्यास १९६० साल उजाडलें. रशियन शास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनीं आदल्या वर्षीं वर्तविल्याप्रमाणें आस्त्रोव्ह यांना तो क्रोमियम ऑक्साइडमध्यें आढळला. मात्र हा परिणाम अतिशय क्षीण, आणि सुमारें ३४ अंश सेल्सियसच्या वर तर तो नाहींसाच होतो. वैशाखांतल्या दुपारीं ज्याचा गुण लोपतो, त्या पदार्थापासून रोजच्या वापराचीं उपकरणें कशीं घडावींत?

या अडचणींतून वाट काढली ती हॉलंडमधील फिलिप्स प्रयोगशाळेंतील व्हॅन सुखटेलेन यांनीं, १९७२ सालीं. एक पदार्थ चुंबकत्वानें आकार बदलणारा व दुसरा ताणानें वीज देणारा घेऊन दोहोंना घट्ट जोडावें, ही ती कल्पना. एकाला विजेची भाषा कळत नाहीं, दुसऱ्याला चुंबकाची. परंतु ताणाची भाषा दोघांनाही येते, व ताणच त्यांचा दुभाष्या होतो. अशा रीतीनें, जो गुण घटकांपैकीं एकाच्याही अंगीं नाहीं तो त्यांच्या संयोगांत प्रकट होतो.

कोबाल्ट फेराइट व बेरियम टायटॅनेट यांचा रस एकत्र गोठवून केलेल्या संमिश्रानें १९७४ सालीं दर ओर्स्टेडला, सेंटिमीटरमागें सुमारें ०.१३ व्होल्ट दिले. पण मिसळलेल्या कणांत एक दोष असतो: फेराइटमधून वीज पाझरून जाते. म्हणून पुढें थरावर थर चिकटविण्याची रीत आली. टर्बियम, डिस्प्रोसियम व लोखंड यांच्या मिश्रधातूच्या चकत्यांमध्यें वीज देणारा थर बसवून २००१ सालीं हाच आंकडा सुमारें ४.७ व्होल्टपर्यंत गेला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतही फेराइटयुक्त संमिश्रांवर पुष्कळ संशोधन झालें आहे.

या साऱ्या खटाटोपाचें मोल रुग्णाच्या उशाशीं कळतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छातीबाहेर जें चुंबकक्षेत्र उमटतें, तें पृथ्वीच्या क्षेत्राहून सुमारें दहा लक्ष पटींनीं दुर्बल असतें. तें टिपणाऱ्या रूढ अतिवाहक यंत्रांना द्रवरूप हेलियमची, म्हणजे उणे २६९ अंशांची थंडी लागते. संमिश्राच्या पट्टीला अशा थंडीची गरज नसते. दुसरा उपयोग शरीरांत बसविण्याच्या उपकरणांचा. बाहेरून बदलतें चुंबकक्षेत्र लावलें कीं आंतल्या लहानशा पापुद्र्यांत वीज उत्पन्न होते व मज्जातंतूस उत्तेजन देतां येतें. बॅटरी संपली म्हणून पुन्हां शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग टळूं शकतो.

अर्थात् अडचणी संपलेल्या नाहींत. चिकटविणारा लेप सैल असला तर ताण वाटेंतच विरतो. आसपासचे हादरे मंद संदेशांत मिसळतात. आणि विजेच्या थरांत बहुधा विषारी शिसें असतें. त्यामुळें शिसेंविरहित पदार्थ व अधिक घट्ट सांधे यांचा शोध चालूं आहे. दुभाष्या लाभला आहे. आतां त्याच्या तोंडचा शब्द वाटेंत गळूं नये, इतकेंच उरलें आहे.