मिरी ते मिरची

थंडीच्या दिवसांत नंदुरबार शहराभोवतालच्या पथारींवर ओली लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि शेतकऱ्यापासून अडत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेले तिचे नाव इतके देशी वाटते की, ते मुळात एका निराळ्याच वनस्पतीचे होते अशी शंकाही कोणास येत नाही.

ते नाव मिरीचे. संस्कृतात मिरीस ‘मरिच’ म्हणत. सुंठ, मिरी आणि पिंपळी या त्रिकटूचा आपल्या पाकशाळेत अंमल होता, तेव्हा मिरचीचे झुडूप केवळ अमेरिका खंडात वाढत होते. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ते युरोपास ठाऊक झाले व सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. मेक्सिकोतील नाव्हाट्ल भाषेतले त्याचे ‘चिल्ली’ हे नाव स्पॅनिशमार्गे इंग्रजीत गेले. आपल्या मुलखाने मात्र या परदेशी जिन्नसास मरिचाचेच नाव बहाल केले.

मरिचाच्या ‘रि’मधील इकाराने मागील ‘म’लाही आपल्याकडे ओढले, म्हणून मराठीत मिरी व मिरची; गुजरातीत तो अकार टिकला, म्हणून मरी व मरचुं. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सरहद्द ज्याच्या आवारातून जाते, त्या नवापूरच्या रेल्वेस्थानकावर हे दोन्ही स्वर शेजारी नांदतात. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी आणि मिळगाय म्हणजे मिरची. दूर स्पेनमध्येही मिरीच्या ‘पिमिएंता’ या नावावरूनच मिरचीचे ‘पिमिएंतो’ झाले.

परस्परांशी मसलत न करता इतक्या भाषांनी एकच निवाडा द्यावा, याचे कारण शरीरशास्त्रात सापडते. मिरचीतील कॅप्सायसिन आणि मिरीतील पायपरिन ही द्रव्ये भिन्न, वनस्पतींची कुळेही भिन्न; परंतु दोन्ही द्रव्ये मज्जातंतूंवरील ‘टीआरपीव्ही 1’ या एकाच ग्राहीस जागे करतात. सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेही तोच ग्राही चेततो, म्हणून तिखटाने तोंड भाजल्यासारखे वाटते. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधला व त्या संशोधनासाठी 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

ज्यांनी मिरचीस मिरीचे नाव दिले, त्यांच्यापाशी जिभेवाचून दुसरे उपकरण नव्हते, तरी त्यांचे निरीक्षण अचूक ठरले. लोकांनी पदार्थांस दिलेली नावे ही अशी अनुभवसिद्ध नोंद असते. नंदुरबार जिल्ह्यातील मिरचीची आवक बाजार समितीच्या दफ्तरात रोज उतरते. तद्वत अहिराणी, भिली आणि पावरी बोलींतील धान्यांची, रानभाज्यांची व मसाल्यांची नावेही, ती बोलणारांच्या उच्चारांसह, आस्थेने नोंदली गेली पाहिजेत.